दोन डॉलरचे कार्ड

२७ मार्च १९४८ च्या रात्री जॅझगायिका बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली, तेव्हा तिथे मुंगी शिरायलाही जागा नव्हती. सगळी तिकिटे संपली, तेव्हा खुद्द रंगमंचावर खुर्च्या मांडून आणखी श्रोते बसवावे लागले. अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा होऊन ती वेस्ट व्हर्जिनियातल्या आल्डरसनच्या तुरुंगात गेली होती. तिथून सुटून तिला दोन आठवडेही झाले नव्हते. कार्नेगी हॉल सत्तावन्नाव्या रस्त्यावर आहे. तिथून पाच रस्ते दक्षिणेला बावन्नावा रस्ता लागतो. त्या काळी तो जॅझचा बाजारच होता. जुन्या घरांच्या तळमजल्यांवर आणि तळघरांत एकाला लागून एक असे क्लब होते, आणि चाळीसच्या दशकात त्यांतली ती मोठी मानकरी होती. आता मात्र त्यांपैकी एकाही क्लबात तिला गाता येणार नव्हते.

कारण साधे होते. कार्नेगी हॉलमध्ये दारू विकली जात नव्हती, क्लबात विकली जात होती. जिथे दारू आणि संगीत एकत्र असेल तिथे काम करायचे, तर पोलिसांनी दिलेले ओळखपत्र लागे, आणि बिलीचे ओळखपत्र गेले होते. पुढची अकरा वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तिला ते परत मिळाले नाही.

या ओळखपत्राला वादक ‘कॅबरे कार्ड’ म्हणत. त्याची मुळे १९२६ च्या कॅबरे कायद्यात आहेत. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि चोरून दारू पाजणारे अड्डे बोकाळले होते. हार्लेममधल्या क्लबांत गोरे आणि काळे एकाच छताखाली नाचतात, हेही अनेक प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत सलत होते. खाण्यापिण्याच्या जागी संगीत किंवा नाच ठेवायचा असेल, तर मालकाने परवाना घेतलाच पाहिजे, असे शहराने ठरवले. काही वर्षांत हे परवाने पोलीस खात्याच्या अखत्यारीत आले. १९४० पासून तर जागेच्या परवान्यावर भागेना. त्या जागी काम करणाऱ्या प्रत्येक माणसालाही परवाना लागू लागला. वेटर, बारमागचा माणूस, आचारी, गिऱ्हाइकांचे कोट सांभाळणारी मुलगी, गायिका, ड्रमवाला, सगळ्यांना एकच नियम.

पोलिसांच्या कचेरीत जायचे, फोटो काढून घ्यायचा, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, दोन डॉलर भरायचे. कार्ड दोन वर्षे चाले, मग पुन्हा सगळे पहिल्यापासून. कार्ड द्यायचे की नाही, दिलेले काढून घ्यायचे का, हे अर्जदाराच्या चारित्र्यावर ठरे, आणि चारित्र्य कसे आहे हे पोलीस ठरवत. अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आले की कार्ड धोक्यात आलेच म्हणून समजावे. कधी गुन्हा शाबीत झाल्यावर ते जाई, कधी नुसत्या अटकेनेही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा भोगून माणूस बाहेर येई, पण पोलिसांची ही दुसरी शिक्षा चालूच राही, आणि तिला मुदत नसे.

हे नुकसान केवढे होते ते कळायचे, तर त्या काळचा वादक जगायचा कसा ते पाहावे लागते. रेकॉर्ड काढली की काही तासांच्या कामाचा ठरलेला मेहनताना हाती पडे. साथीदाराचा त्या रेकॉर्डशी संबंध बहुधा तिथेच संपे. दौऱ्यावर गेले की आज या गावात, उद्या त्या गावात, अनोळखी साथीदारांबरोबर वाजवावे लागे, आणि काळ्या वादकांना तर राहायची खोली मिळण्याचीही मारामार असे. चूल पेटती राही ती क्लबच्या कामावर. एखाद्या क्लबात दोन-चार आठवड्यांचा करार झाला, की रात्री दहाच्या सुमारास सुरू करून पहाटे तीन-चारपर्यंत रोज वाजवायचे. घरभाडे त्यातून निघे, आणि वादनही त्यातूनच वाढे.

वादन वाढे ते कसे, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगावे लागणार नाही. ख्यालगायकाला बंदिश जशी, तशी जॅझच्या वादकाला ओळखीची चाल. ती ठरलेली असते, पण तिच्यातून रोज नवे काय निघेल ते ठरलेले नसते. ते निघायला रोजची बैठक हवी, तेच साथीदार हवेत, चुकायला मुभा हवी आणि समोर कान असलेले लोक हवेत. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममध्ये ११८ व्या रस्त्यावरच्या ‘मिंटन्स प्लेहाउस’मध्ये हेच घडत होते. थेलोनियस मंक तिथला नेमलेला पियानोवादक होता आणि केनी क्लार्क ड्रमवर होता. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर रात्री उशिरा आपापली कामे आटोपून तिथे येत. बीबॉप नावाची नवी वादनशैली या अशाच रात्रींतून तयार झाली. कॅबरे कार्ड नसलेल्या माणसाला हे दारच बंद होते.

पार्करची गोष्ट त्यातली सर्वांत विचित्र. कॅन्सस सिटीत लहानाचा मोठा झालेला हा सॅक्सोफोनवादक ‘बर्ड’ या टोपणनावाने ओळखला जाई. त्याचे नाव इतके मोठे झाले, की डिसेंबर १९४९ मध्ये ब्रॉडवेवर उघडलेल्या नव्या क्लबाला त्याच्याच नावावरून ‘बर्डलँड’ म्हटले गेले. त्याला हेरॉइनचे व्यसन होते आणि ते सगळ्यांना माहीत होते. १९५१ साली त्याचे कार्ड गेले. आपल्या नावाचा क्लब समोर उभा, आणि तिथे वाजवायला कायद्याने बंदी! बायकामुलांचे पोट भरायला तो फिलाडेल्फिया, बॉस्टन अशा शहरांतून हिंडत राहिला, मिळेल त्या साथीवर वाजवत राहिला. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याने सरकारी खात्याला पत्र लिहून पोटापाण्याचा हक्क परत मागितला. कार्ड अखेर मिळाले, पण तोवर तब्येत आणि संसार दोन्ही खचले होते. मार्च १९५५ मध्ये तो गेला. मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरने त्याचे वय पन्नास-साठच्या घरात धरले होते. तो चौतिसाव्या वर्षी गेला होता.

मंकला अटक झाली ती ऑगस्ट १९५१ मध्ये. एका उभ्या मोटारीत तो, त्याचा धाकटा मित्र आणि अफाट ताकदीचा पियानोवादक बड पॉवेल, आणि आणखी काहीजण बसले होते. पोलिसांना तिथे हेरॉइनची पुडी सापडली. ती पॉवेलची आहे एवढे सांगितले असते, तर मंक सुटला असता. त्याने मित्राविरुद्ध एक शब्द काढला नाही. साठ दिवस तो रायकर्स बेटावरच्या कोठडीत होता, आणि बाहेर आला तेव्हा कार्ड गेलेले होते. ते परत यायला जवळजवळ सहा वर्षे लागली.

त्या वेळी मंक चौतिशीच्या उंबरठ्यावर होता. रचनाकार म्हणून त्याची ऐन उमेद होती. मॅनहॅटनच्या ज्या क्लबांत वादकाचे नाव होते आणि चार पैसे मिळतात, ते त्याला बंद झाले. ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्समधल्या, पोलिसांची फारशी नजर नसलेल्या छोट्या जागी अधूनमधून काम मिळे. घर चालवले ते त्याची पत्नी नेली हिने, शिवणकाम करून. मंक पश्चिम ६३ व्या रस्त्यावरच्या लहानशा घरात पियानोपुढे बसून नव्या रचना करत राहिला. आज जगभरच्या जॅझवादकांना तोंडपाठ असलेल्या त्याच्या कित्येक रचना या सक्तीच्या रिकामपणातल्या आहेत. बाजारात मात्र त्याची किंमत शून्याजवळ गेली होती. १९५५ मध्ये रिव्हरसाइड या कंपनीने त्याला आधीच्या प्रेस्टिज कंपनीकडून सोडवून घेतले, ते फक्त १०८ डॉलर २७ सेंटचे देणे फेडून.

त्याचे कार्ड परत मिळावे म्हणून दोघांनी पाठपुरावा केला. एक होता हॅरी कोलंबी, शाळेत शिकवणारा तरुण मास्तर, ज्याने जॅझच्या प्रेमापोटी मंकचे व्यवस्थापन अंगावर घेतले होते. दुसरी होती पॅनोनिका द कोनिग्सवॉर्टर, रॉथ्सचाइल्ड घराण्यातली उमरावीण. ती पॅरिसमध्ये मंकला भेटली आणि त्याच्या संगीताची कायमची आधारवड झाली. १९५७ मध्ये कार्ड मिळाले, आणि कूपर स्क्वेअरमधल्या ‘फाइव्ह स्पॉट’ या टर्मिनी बंधूंच्या छोट्या क्लबात जुलैपासून मंकचे काम सुरू झाले.

त्याच्या शेजारी सॅक्सोफोन घेऊन उभा होता जॉन कोल्ट्रेन. व्यसनापायी काही महिन्यांपूर्वीच ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या मेळातून काढले होते. तो फिलाडेल्फियाला गेला, व्यसन सोडले आणि मंकच्या घरी जाऊन त्याच्या रचना शिकू लागला. फाइव्ह स्पॉटचे काम वर्षअखेरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालले. मंकच्या त्या वाकड्या उड्यांच्या, अनपेक्षित जागी थांबणाऱ्या रचना कोल्ट्रेनच्या बोटांत रात्रीगणिक मुरत गेल्या. चित्रकार, कवी, वादक रांगा लावून येत. जॅझच्या इतिहासातल्या मोठ्या बैठकींत या रात्रींची गणना होते. तरी दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी असल्याने मंक, कोल्ट्रेन, बास आणि ड्रम अशा या चौकडीची स्टुडिओत केलेली ध्वनिमुद्रणे तीनच उरली आहेत. २९ नोव्हेंबर १९५७ ला त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये जे वाजवले, त्याची टेप २००५ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, आणि पाच महिने रोज रात्री एकत्र वाजवल्याने काय साधते ते अर्ध्या शतकानंतर लोकांना ऐकायला मिळाले.

फाइव्ह स्पॉटनंतर पुढल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंकचे कार्ड पुन्हा गेले. पॅनोनिकाबरोबर बाल्टिमोरच्या कार्यक्रमाला जाताना डेलावेअर राज्यातल्या एका मोटेलमध्ये तो पाणी प्यायला उतरला. त्याच्या अबोलपणाने तिथले लोक बावरले आणि पोलीस आले. तोवर तो मोटारीत परतला होता; पुन्हा उतरायला त्याने नकार दिला म्हणून त्याच्या हातांवर मारले. गाडीत थोडा गांजा सापडला. पॅनोनिकाने तो आपला असल्याचे सांगून सगळे स्वतःवर घेतले. ती झडतीच बेकायदा होती असे म्हणून वरच्या न्यायालयाने तिला पुढे सोडून दिले. मंकला मात्र न्यूयॉर्कचे कार्ड १९६० मध्ये परत मिळाले. तोवर पुन्हा दीड-दोन वर्षे गेली.

कार्ड गेलेल्या प्रत्येकाने आपापली वाट शोधली. एल्मो होप हा मंक आणि पॉवेल यांच्याच वर्तुळातला पियानोवादक. कार्ड गेल्यावर तो १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनने १९६२ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी आयुष्यातल्या सर्वोत्तम रेकॉर्डपैकी काही केल्या. जुन्या शिक्षांमुळे न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायची मात्र परवानगी नव्हती. तो युरोपात गेला आणि कोपनहेगनमध्ये स्थिरावला. मायदेशी त्याचे जंगी स्वागत झाले ते १९७६ मध्ये.

जॅकी मॅक्लीनची वाट सगळ्यांत वेगळी. या तरुण सॅक्सोफोनवादकाला क्लब बंद झाले, पण नाटकाच्या रंगमंचाला कार्ड लागत नव्हते. ‘लिव्हिंग थिएटर’ या नाट्यसंस्थेने १९५९ मध्ये जॅक गेल्बरचे ‘द कनेक्शन’ हे नाटक आणले. त्यात हेरॉइनची वाट पाहत बसलेले जॅझवादक दाखवले होते. मॅक्लीनने त्यात भूमिका केली आणि रोज रात्री रंगमंचावर सॅक्सोफोनही वाजवला. बाकीचे उत्पन्न ब्लू नोटच्या ध्वनिमुद्रणांतून येई. पुढे त्याने कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जॅझचे शिक्षण उभे केले आणि तिथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

न्यायालयाची पायरी चढला तो ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन. बीबॉपची चपळाई ट्रॉम्बोनसारख्या अवजड वाद्यात आणणाऱ्या पहिल्या वादकांपैकी हा एक. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची दोन वर्षे त्याने लाँग आयलंडवरच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे तपासायची नोकरी केली. चाळीसच्या दशकातल्या एका किरकोळ गुन्ह्यावरून पोलीस त्याला पक्के कार्ड देत नव्हते. स्वतःचा नामांकित मेळ चालवत असतानाही तात्पुरत्या परवान्यांसाठी त्याला खेटे घालावे लागत. मॅक्सवेल कोहेन या वकिलाने त्याच्यासह काही जणांचा खटला लढवला, आणि १९५९ मध्ये न्यायालयाने जॉन्सनला कार्ड देण्याचा हुकूम केला. पोलिसांचा शब्द अखेरचा नाही, हे पहिल्यांदाच कागदावर आले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दोन घटना घडल्या. १७ जुलैला बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन इस्पितळात वारली. वय ४४. ती खाटेवर असतानाच अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला अटक झाली होती आणि खोलीच्या दाराशी पोलीस बसवले होते. बँकेतल्या खात्यात ७० सेंट होते. ऑगस्टच्या अखेरीस बर्डलँडच्या दारात माइल्स डेव्हिस कार्यक्रमाच्या मध्यंतरात उभा होता. फलकावर त्याचे नाव होते आणि ‘काइंड ऑफ ब्लू’ ही त्याची रेकॉर्ड नुकतीच बाजारात आली होती. एका गोऱ्या बाईला टॅक्सीपर्यंत पोहोचवून तो परतला, तेव्हा पोलिसाने त्याला तिथून हलायला सांगितले. तो हलला नाही. डोके फुटेपर्यंत मार खाऊन तो ठाण्यात गेला आणि त्याचे कार्ड जप्त झाले. न्यायालयाने आरोप फेटाळले, पण कुठलाही गुन्हा शाबीत नसताना कार्ड जाऊ शकते, हे साऱ्या जगाने पाहिले.

गायक फ्रँक सिनात्राने तर बोटांचे ठसे द्यायलाच नकार दिला आणि न्यूयॉर्कच्या क्लबात गाणे सोडून दिले. त्याला ते परवडत होते. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड बकली या विनोदी कलावंताचे कार्ड जुन्या अटकेच्या कारणावरून पोलिसांनी काढून घेतले. महिनाभरातच तो मरण पावला. लेखक हॅरॉल्ड ह्यूम्स आणि इतर नागरिक उघडपणे उभे राहिले. कार्डाच्या फीचे पैसे पोलिसांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीत जातात, कार्डांसाठी लाच चालते, असे आरोप वर्तमानपत्रांत आले. तरी ही पद्धत संपायला आणखी सात वर्षे लागली. १९६७ मध्ये नगरपरिषदेने कार्ड रद्द केले. पार्करला जाऊन १२ वर्षे, हॉलिडेला जाऊन ८ वर्षे झाली होती. पॉवेल आदल्या वर्षी गेला होता. होप त्याच वर्षीच्या मे महिन्यात गेला.

या माणसांची चरित्रे अनेकदा एकाच साच्यात सांगितली जातात: अलौकिक प्रतिभा, व्यसन, ऱ्हास. व्यसन खरे होते आणि त्याने अनेकांचा घास घेतला, यात वाद नाही. पण त्या साच्यात पोलिसांची ती कचेरी दिसत नाही. हॅरी अँस्लिंगर या संघराज्याच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या प्रमुखाने तर जॅझवादकांची माहितीच गोळा करायला लावली होती. आजारी माणसाला इलाज हवा असतो, आणि इलाज टिकायला काम हवे असते. शहराने नेमके कामच काढून घेतले. मंकची ती सहा वर्षे व्यसनाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ती गेली एका मित्राला वाचवल्यामुळे आणि दोन डॉलरच्या कागदामुळे. जॅझचा इतिहास लिहिताना ती त्याच खात्यावर मांडायला हवीत.

कार्डाची पद्धत संपली तरी १९२६ चा कायदा उरला होता. त्याच्या एका कलमाने परवाना नसलेल्या खाण्यापिण्याच्या जागी तीनच वादकांना मुभा होती, आणि तीही पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार किंवा तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांना. फुंकून वाजवायचे एकही वाद्य त्यात बसत नव्हते, ड्रमही नाही. व्हायब्राफोन वाजवणाऱ्या वॉरन चॅसन याने वादकांच्या संघटनेच्या पाठिंब्याने आणि पॉल शेविन्यी या कायद्याच्या प्राध्यापकाच्या मदतीने दावा लावला. १९८६ मध्ये न्यायालयाने वाद्यांमधला भेदभाव रद्द केला, १९८८ मध्ये तीन वादकांची मर्यादाही. मूळ कायदा नगरपरिषदेने रद्द केला तो थेट २०१७ मध्ये. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम हा फाइव्ह स्पॉटवरचा चौघांचा मेळ मात्र न्यूयॉर्कमधल्या एखाद्या साध्या खानावळीत कॅबरेचा परवाना न काढता वाजवता येऊ लागला तो १९८८ च्या निकालानंतर. तेव्हा मंकला जाऊन सहा वर्षे झाली होती.